रग्बी लीगचा पहिला करार हातात आल्यावर

सिडनीच्या पश्चिमेला, पॅरामॅटा-वेस्टमीड-वेंटवर्थव्हिलच्या पट्ट्यात मराठी घरं आता पुष्कळ आहेत. अशा घरात क्रिकेटवर ठाम मत असलेली चार माणसं सापडतात, पण रग्बी लीगचा करार वाचून अर्थ सांगणारं कुणी नसतं. मुलगा सतरा वर्षांखालच्या संघात निवडला गेला, क्लबकडून जाडजूड कागद आले, आता पुढे काय, असा प्रश्न पडलेल्या घरासाठी आणि त्या मुलासाठी हे लिहिलं आहे. पहिल्या सामन्याचा फोटो सगळेच काढतात. दुसरा हंगाम संपताना यादीत नाव राहील का, हे ज्या गोष्टींवर ठरतं त्यांतल्या बऱ्याचशा टीव्हीवर दिसतच नाहीत.

आधी एक घोळ मिटवू. मुंबईत जिमखान्यावर किंवा पुण्यात रग्बी म्हणून जे खेळतात ते युनियन, पंधरा जणांचं किंवा सात जणांचं. लीगमध्ये तेरा जण. १८९५ साली इंग्लंडमधल्या हडर्सफील्डला उत्तरेकडचे क्लब मूळ संघटनेतून बाहेर पडले. कारण साधं होतं: शनिवारी खेळायचं तर खाणीतली किंवा गिरणीतली मजुरी बुडायची आणि तिची भरपाई द्यायला दक्षिणेकडची मंडळी तयार नव्हती. म्हणजे या खेळाचा जन्मच पैशाच्या प्रश्नावर झाला. करारावर घासाघीस करताना लाजायचं काही कारण नाही.

खेळाचा गाभा असा: चेंडू असलेल्या संघाला सहा टॅकल, म्हणजे सहा वेळा पकडलं जाईपर्यंतचे डाव, मिळतात. प्रत्येक टॅकलनंतर धरलेला खेळाडू उठतो, चेंडू जमिनीवर ठेवून पायाने मागे सरकवतो आणि खेळ पुढे चालू होतो. सहाव्या टॅकलला चेंडू समोरच्यांचा, म्हणून पाचव्यानंतर बहुधा किक मारतात. दर टॅकलनंतर बचाव करणाऱ्यांनी दहा मीटर मागे हटायचं. ८० मिनिटं हेच. कबड्डी खेळलेल्या माणसाला पकडीतली अर्धी भाषा ओळखीची वाटते, पण एक मोठा फरक आहे. त्याकडे पुढे येऊ.

शिडी कशी आहे

न्यू साउथ वेल्समध्ये क्रम असा: हॅरॉल्ड मॅथ्यूज कप १७ वर्षांखाली, एसजी बॉल कप १९ वर्षांखाली, जर्सी फ्लेग कप २१ वर्षांखाली, मग न्यू साउथ वेल्स कप आणि त्यावर एनआरएल, म्हणजे नॅशनल रग्बी लीग, सगळ्यात वरची स्पर्धा. क्वीन्सलंडमध्ये सिरिल कॉनेल कप, मल मेनिंगा कप आणि वर क्वीन्सलंड कप. हॅरॉल्ड मॅथ्यूज आणि एसजी बॉल फेब्रुवारीत सुरू होऊन हिवाळ्याआधी संपतात. त्यानंतर मुलगा आपल्या वस्तीतल्या क्लबकडे परततो किंवा वरच्या वयोगटात ओढला जातो. इथे पुष्कळ घरं फसतात. मे महिन्यात क्लबचा फोन येईनासा झाला की मुलाला काढलं असं वाटतं. काढलेलं नसतं, स्पर्धा संपलेली असते. वस्तीतल्या क्लबकडून हिवाळाभर पूर्ण सामने खेळलेला मुलगा पुढच्या निवडीला उजवा ठरतो. घरी बसून जिम करणारा ठरत नाही.

२००८ ते २०१७ या काळात वीस वर्षांखालच्यांची देशभर फिरणारी स्पर्धा होती. सामने टीव्हीवर, विमानप्रवास, हॉटेल. एकोणीस वर्षांच्या मुलाला आपण पोचलो असं वाटायचं आणि पुढच्याच वर्षी त्याला मोठ्यांच्या खेळात जागा सापडत नसे. आता वयोगटाची स्पर्धा राज्यापुरती आहे आणि खरी परीक्षा न्यू साउथ वेल्स कपमध्ये होते. तिथे समोर तीस वर्षांचा प्रॉप, म्हणजे पुढच्या फळीतला धिप्पाड गडी, असतो. एनआरएलमध्ये शंभर सामने खेळून खाली आलेला, आठवडाभर दुसरी नोकरी करणारा आणि नव्या पोराला पहिल्याच धडकेत जोखणारा. या पायरीवर किमान एक पूर्ण हंगाम काढायला मिळाला तर तो वाया गेला असं मानू नये.

एनआरएलचा सामना खेळायला वय १८ पूर्ण लागतं. २०२१मध्ये जोसेफ सुआलीईला सूट मिळून तो सतराव्या वर्षी उतरला, पण तो अपवाद. आपल्या मुलाला तशी सूट मिळवून देतो म्हणणाऱ्या मॅनेजरपासून लांब राहायचं.

इंग्लंडमधली शिडी वेगळी आहे: पंधरा-सोळाव्या वर्षी क्लबची स्कॉलरशिप, मग अकादमी, मग राखीव संघ, आणि अधूनमधून खालच्या विभागातल्या क्लबकडे उसना. तिथे उसनं जाणं नेहमीचं आहे. ऑस्ट्रेलियात ते क्वचित घडतं, पण घडलं तर नशीब फिरतं. हॅरी ग्रँट मेलबर्न स्टॉर्ममध्ये त्याच्याच जागेवर खेळणाऱ्या कॅमेरॉन स्मिथच्या मागे अडकला होता. २०२०मध्ये तो वर्षभरासाठी वेस्ट्स टायगर्सकडे गेला आणि त्याच वर्षी क्वीन्सलंडकडून स्टेट ऑफ ओरिजिन, म्हणजे न्यू साउथ वेल्सविरुद्धची मानाची मालिका, खेळला. तेव्हा निवडीच्या वेळी एक प्रश्न विचारायचाच: माझ्या जागेवर माझ्यापुढे कोण आहे, त्याचं वय काय आणि त्याचा करार कधी संपतो? मोठ्या क्लबचं नाव पाहून सही केली आणि पुढे पंचविशीतला राष्ट्रीय खेळाडू चार वर्षांच्या करारावर बसलेला निघाला, तर तो क्लब आपल्या कामाचा नाही.

करार वाचताना

एनआरएल क्लबच्या मुख्य यादीत ३० जण असतात. त्याखाली विकासासाठी ठेवलेल्यांची छोटी पुरवणी यादी. त्याही खाली ‘ट्रेन अँड ट्रायल’, म्हणजे नोव्हेंबरपासून संघाबरोबर सराव करायचा आणि जागा मिळाली तर मिळाली. तिन्हींचा सराव एकाच मैदानावर, एकाच जर्सीत चालतो. म्हणून मुलाला फरक जाणवत नाही, पण पैशात आणि सुरक्षिततेत जमीन-अस्मानाचा फरक असतो. कागदावर आपण नेमके कुठल्या यादीत आहोत हे पहिल्या पानावर शोधायचं. तीन वर्षांचा करार असेल तर दरवर्षीची यादी वेगळी असू शकते: पहिलं वर्ष पुरवणीत, तिसरं मुख्य तीसात.

मुख्य यादीतल्या खेळाडूचं किमान वेतन २०२३मध्ये वर्षाला १,२०,००० डॉलर ठरलं आणि २०२७पर्यंत ते टप्प्याटप्प्याने १,५०,०००वर जायचं आहे. हा मुख्य तीसांचा आकडा, पुरवणीतल्यांचा नव्हे. नातेवाइकांना सांगण्याआधी एवढं तपासावं.

मग ‘पर्याय’ शोधायचे. शेवटच्या वर्षापुढे पर्याय लिहिलेला असला तर तो कुणाचा? खेळाडूचा असेल तर राहायचं की जायचं हे तुम्ही ठरवणार. क्लबचा असेल तर तुम्ही बांधलेले आणि क्लब मोकळा. दोघांचा असेल तर त्याला फारसा अर्थ नाही, कारण दोघंही राजी असतील तर नवा करार तसाही होतो. कोवळ्या खेळाडूच्या करारात क्लबचा पर्याय घालायचा प्रयत्न होतोच. तो मान्य करायचा तर त्या वर्षाची रक्कम आताच वाढवून लिहून घ्यायची, आणि पर्याय वापरायची शेवटची तारीख १ नोव्हेंबरच्या आधीची ठेवायची. कारण करार पुढच्या वर्षाअखेर संपणार असेल तर १ नोव्हेंबरपासून इतर क्लबांशी उघडपणे बोलता येतं. पर्यायाची तारीख त्यानंतरची असली तर बाजार उघडलेला आणि तुमचे हात बांधलेले, असं होतं.

सामन्यागणिक मिळणारी रक्कम, बोनस, दुखापतीत पगार चालू राहतो का, घरभाडं, राज्याबाहेरून आलं असेल तर परतीची तिकिटं, शिक्षणाची फी, हे सगळं लिखित हवं. ‘ते आम्ही बघून घेऊ’ असं मैदानाच्या कडेला कुणी म्हणालं, तर घरी येऊन ईमेल लिहायचा: आज असं बोलणं झालं, कृपया करारात घालावं. न घातलेलं वचन प्रशिक्षक बदलला की संपतं. प्रशिक्षक बदलतात.

करारातलं सगळं लीगकडे नोंदवलेलं लागतं. बाहेरच्या धंद्याकडून जाहिरातीचे म्हणून मिळणारे पैसेसुद्धा. वेतनमर्यादा, म्हणजे क्लबने पगारांवर खर्चायची कमाल रक्कम, चुकवल्याबद्दल २००२मध्ये बुलडॉग्जचे ३७ गुण कापले, २०१०मध्ये मेलबर्न स्टॉर्मची दोन विजेतेपदं काढून घेतली, २०१६मध्ये पॅरामॅटाचे १२ गुण गेले. त्यामुळे हातात पाकीट ठेवणारा कितीही मायाळू असला तरी ‘मॅनेजरमार्फत कळवा’ एवढंच उत्तर द्यायचं.

मॅनेजर मान्यताप्राप्त यादीतलाच हवा. त्याच्याशी होणारा करार वेगळा, आणि तोही वाचायचा: टक्केवारी किती, कशावर (फक्त पगारावर की बोनस आणि जाहिरातींवरही), मुदत किती, सोडायचं झालं तर किती दिवसांची सूचना. त्याच्याकडे तुमच्याच जागेवर खेळणारे त्याच क्लबातले आणखी किती जण आहेत हेही विचारायचं. दोघांसाठी एकाच दारात तो कुणाची बाजू लावणार? खेळाडूंची संघटना आहे, आरएलपीए. सही करण्याआधी तिच्याकडे कागद दाखवता येतो, आणि ही सोय नवखे फारच कमी वापरतात.

नोव्हेंबर येण्याआधी

पूर्वहंगाम नोव्हेंबरमध्ये सुरू होतो, नाताळात थोडी सुट्टी, फेब्रुवारीत सरावसामने. नवखे मोडतात ते बहुतेक पहिल्या तीन आठवड्यांत, आणि कारण ठरलेलं: दोन महिने जिममध्ये छाती-दंड वाढवून येतात, पळत नाहीत. मग एकदम आठवड्याला वीस-पंचवीस किलोमीटर पळणं अंगावर येतं आणि मांडीमागचा स्नायू जातो.

सहा आठवडे आधी सुरुवात करायची. पहिले दोन आठवडे: आठवड्यातून दोनदा १०० मीटरच्या आठ धावा, ७० टक्के वेगाने, चालत परत. तिसरा-चौथा: १५ सेकंद पळणं, १५ सेकंद उभं राहणं, असं दहा मिनिटं, पाच मिनिटं विश्रांती, पुन्हा दहा मिनिटं. पाचवा-सहावा: त्यातच दर धावेच्या शेवटी छाती जमिनीला टेकवून उठायचं आणि दहा मीटर उलटं पळायचं. लीगमध्ये दमवतं ते हेच: पडणं, उठणं, मागे सरकणं. नुसतं पळणं कुणालाही जमतं. पूर्ण वेगाच्या ४० मीटरच्या चार ते सहा धावा आठवड्यातून दोनदा सहाही आठवडे ठेवायच्या, कारण मांडीमागच्या स्नायूला पूर्ण वेगाची सवय फक्त पूर्ण वेगानेच लागते. सोबत नॉर्डिक कर्ल (गुडघ्यांवर बसून, घोटे कुणी धरून ठेवलेले असताना अंग हळूहळू पुढे झुकवणं), पाच-पाचचे दोन-तीन सेट. मानेचा व्यायाम विसरतात: डोक्याला हात लावून चारी दिशांनी दहा-दहा सेकंद जोर, तीनदा.

पहिल्या आठवड्यात ब्रोंको चाचणी होण्याची दाट शक्यता असते. २० मीटर जाऊन-येऊन, ४० जाऊन-येऊन, ६० जाऊन-येऊन, हे २४० मीटर झाले. असे पाच फेरे, एकूण १२०० मीटर, न थांबता. हाफ (खेळाची सूत्रं हलवणारा) किंवा फुलबॅकने (सगळ्यात मागे उभा राहणारा) साडेचार मिनिटांच्या आसपास यावं, ११० किलोच्या प्रॉपने पाच मिनिटांच्या आत. चूक वळणावर होते. रेषेवर दोन्ही पाय टेकवून फिरणारा दर वळणाला अर्धा सेकंद घालवतो, आणि वळणं एकोणतीस. एकच पाय रेषेवर, कंबर खाली, आणि दर वळणाला पाय बदलायचा.

टॅकल

कबड्डीतली घोट्याची पकड इथे उपयोगाची नाही. कबड्डीत चढाईवाला मध्यरेषेकडे परत पळत असतो, त्याला मागे खेचणं हेच काम. इथे पळणारा तुमच्यावर चालून येतो आणि घोटा धरला तर तो पुढेच कोसळतो. दीड मीटर जास्त मिळाला, पोटावर पडला, चटकन उठला, आणि तुमचा अख्खा बचाव अजून दहा मीटर मागे पोचलेला नाही. टॅकल झाली, पण फायदा समोरच्यांचा.

करायचं असं. पहिल्या तीन पावलांत अंतर जोरात कापायचं, मग पावलं आखूड. नजर चेंडूवर नाही, चेहऱ्यावर नाही, चड्डीच्या नाडीवर. माणूस खांद्याने हुल देतो, कंबरेने देऊ शकत नाही. ज्या खांद्याने धडकायचं त्याच बाजूचा पाय त्याच्या पावलांजवळ रोवायचा. पाय लांब राहिला की माणूस हात पसरून लोंबकळतो, आणि खांद्याची दुखापत तिथेच होते. डोकं त्याच्या कंबरेच्या मागच्या बाजूला, गाल त्याच्या ढुंगणाला चिकटलेला. पुढच्या बाजूला गेलं की कानशिलात गुडघा किंवा मांडीचं हाड बसतं. नवख्यांना मेंदूला मार लागतो तो बरेचदा स्वतःच्याच टॅकलमध्ये, डोकं चुकीच्या बाजूला ठेवल्यामुळे. खांदा बरगड्यांच्या खाली लागला की दोन्ही हात झटक्यात मागे नेऊन मूठ आवळायची आणि पाय चालू ठेवायचे, तीन-चार पावलं. पाय थांबले की टॅकल थांबली.

दुसरा माणूस वरून येतो, चेंडू आणि हात अडवतो, समोरच्याला पाठीवर वळवायचा प्रयत्न करतो. पाठीवर पडलेल्याला उठायला वेळ लागतो. तिसरा आलाच तर त्याने पायांवर बसकण मारायची नाही. मागून कंबर धरून स्वतःचं वजन हवेतून त्याच्या पोटऱ्यांवर टाकणं म्हणजे हिप-ड्रॉप. त्यात समोरच्याचा घोटा मोडतो आणि तुम्ही काही आठवडे बाहेर. आपले पाय जमिनीवर ठेवले आणि बाजूला पडलं की ते होत नाही. उंच टॅकल, म्हणजे मान-डोक्याला हात, मुद्दाम कुणी करत नाही. साठाव्या मिनिटाला गुडघे वाकेनासे होतात आणि हात आपोआप वर जातो. म्हणून टॅकलचा सराव दमल्यावर करायचा. ताज्या पायांनी सगळ्यांनाच खाली वाकता येतं.

चेंडू हातात असताना उलटा विचार: कोपर आणि गुडघ्यांवर पडायचं, पोट खाली. धरलेलं असताना शेवटचा झटका पुढे जाण्यासाठी नसून पालथं होण्यासाठी द्यायचा. मग दोन्ही पायांवर उभं राहायचं, तोंड समोरच्या गोलरेषेकडे, चेंडू खाली ठेवायचा, तळव्याने मागे लोटायचा. सगळं तीन सेकंदांच्या आसपास. घाईत चेंडू नुसता मागे फेकला, पाय लावायचा प्रयत्नच केला नाही, तर पंच चेंडू काढून घेतो. घरच्या अंगणात होण्यासारखा सराव: जोडीदाराने अंगावर पडून राहायचं, दोन मोजून सुटायचं, तुम्ही उठून चेंडू मागे द्यायचा. दहाचे तीन संच. भावंडं वाट बघत असतात.

मार्करवर उभं राहणं हे सगळ्यात दुर्लक्षित काम. टॅकलनंतर दोघं चेंडूसमोर एकामागे एक, सरळ. एक पाऊल बाजूला सरकला की पंच समोरच्यांना पेनल्टी देऊ शकतो, आणि आपल्या वीस मीटरमध्ये ते झालं तर बहुधा ट्रायच होतो, म्हणजे समोरचे आपल्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण घेतात. प्रशिक्षकाला व्हिडिओत सुंदर पास लक्षात राहत नाही. पंचविसाव्या मिनिटाला मार्करवरून उठून हूकरच्या (टॅकलनंतर मागे आलेला चेंडू उचलणाऱ्याच्या) मागे धावलेला पोरगा लक्षात राहतो.

बाकावरून पहिला सामना

संघ मंगळवारी जाहीर होतो. नवखा फॉरवर्ड बहुधा बाकावर असतो आणि विसाव्या-पंचविसाव्या मिनिटाला आत जातो. अदलाबदली मोजून आठ असतात, त्यामुळे एकदा आत गेलं की लगेच बाहेर काढणार नाहीत. वीस मिनिटं पुरवायचं आहे हे धरून चालायचं.

बाकावर बसून थंड पडणं ही पहिली चूक. दहाव्या मिनिटापासून सायकल किंवा कडेला धावणं, दर पाच मिनिटांनी एक जोरदार धाव. बसल्या बसल्या तीनच गोष्टी बघायच्या: त्यांचा हूकर कुठल्या बाजूला पळतो, त्यांचा कुठला प्रॉप दमला आहे, आणि पंच दहा मीटर कडक धरतोय की ढिला.

आत गेल्यावर पहिलं काम टॅकल असावं. आपल्याकडे चेंडू असेल तर दुसऱ्या किंवा तिसऱ्या टॅकलला मागून घ्यायचा, सरळ पळायचं, दोन माणसांच्या मधल्या फटीवर, आणि पडायचं. पहिल्या स्पर्शाला ऑफलोड (पकडीत सापडल्यावर दिलेला पास) नाही, फसवा पास नाही. आपल्या चाळीस मीटरच्या आत तर नाहीच. वयोगटात तो पास निघून जायचा कारण समोरचे मंद होते. इथे तोच हात मध्ये येतो, चेंडू पुढे सांडतो आणि बाकीच्या बारा जणांना बारा-पंधरा टॅकल जास्तीच्या कराव्या लागतात. ती माणसं बोलून दाखवत नाहीत, लक्षात मात्र ठेवतात.

ताट, औषध आणि आजीचं चूर्ण

९५ किलोच्या मुलाला दिवसाला साधारण १७० ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे किलोमागे १.८. मराठी ताटात ती आपोआप येत नाहीत. सकाळी पोह्यांबरोबर चार अंडी आणि पेलाभर दूध: ३५ ग्रॅमच्या आसपास. दुपारी २०० ग्रॅम शिजवलेलं चिकन, भात, वाटीभर दही: ६५-७०. सरावानंतर दूध, व्हे प्रोटीनचा एक स्कूप (डब्यातलं मोठं माप), केळं: ३३. रात्री दीड वाटी वरण, १५० ग्रॅम पनीर किंवा तेवढाच मासा: ४०. शाकाहारी घरात चिकनच्या जागी ५० ग्रॅम कोरडे सोया चंक्स (२५ ग्रॅम) आणि पनीर-टोफू वाढवावं लागेल, आणि तरी व्हे दोनदा घ्यावं लागेल. एकादशीची साबुदाण्याची खिचडी सरावाच्या दिवशी पिष्ट म्हणून चालते, प्रथिनं म्हणून तोकडीच. सोबत दही-दूध हवंच. सामन्याआधी तीन-चार तास भात, साधं वरण, बटाटा. मिसळ सामन्यानंतर.

सरावाच्या आधी-नंतर वजन करायचं. जेवढे किलो उतरले त्याच्या दीडपट लिटर पाणी पुढच्या काही तासांत, मिठासकट.

आता महत्त्वाचं. उत्तेजक चाचणीत शरीरात जे सापडेल त्याला खेळाडूच जबाबदार. ‘आईने दिलं’ हा बचाव नाही. पहिल्याच गुन्ह्यात चार वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. मराठी घरात धोका जिममधल्या डब्यापेक्षा भारतातून आलेल्या पिशवीत जास्त. शक्तिवर्धक चूर्ण, भस्म, ‘वजन वाढवायची’ पावडर यांत काय आहे हे लेबलवर पूर्ण लिहिलेलं नसतं आणि त्यांची खेळाडूंसाठीची बॅच-तपासणी झालेली नसते. भारतातल्या कित्येक खोकल्याच्या औषधांत टर्ब्युटालिन असतं, आणि ते बारा महिने बंदी असलेलं द्रव्य आहे. सर्दीच्या गोळीतलं स्युडोएफेड्रिन सामन्याच्या दिवशी अडचणीत आणतं. ऑस्ट्रेलियात विकलेलं औषध स्पोर्ट इंटिग्रिटी ऑस्ट्रेलियाच्या अॅपवर तपासता येतं, मुंबईहून आणलेलं नाही. म्हणून नियम सोपा ठेवायचा: सुटकेसमधून आलेलं काहीही क्लबच्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय तोंडात घालायचं नाही. आजीला वाईट वाटलं तर लाडू पाठवायला सांगावेत.

डोक्याला लागलं तर

पूर्वहंगामात प्रत्येकाची स्मरणशक्ती, तोल, प्रतिसादाचा वेग यांची मूळ चाचणी होते. पुढे मार लागला की त्याच्याशी तुलना करतात. काही हुशार पोरं मूळ चाचणी मुद्दाम वाईट देतात, म्हणजे नंतर पकडलं जाणार नाही. हे स्वतःच्या गाडीचा ब्रेक स्वतःच कापण्यासारखं आहे. सामन्यात संशय आला तर तपासणीसाठी १५ मिनिटं बाहेर नेतात. शुद्ध हरपली, तोल गेला अशी उघड लक्षणं दिसली तर त्या दिवशी परत नाही. मेंदूला मार बसल्याचं निदान झालं तर २०२३पासून सहसा किमान ११ दिवस बाहेर, म्हणजे पुढचा सामना बहुधा गेला. घरच्यांनी बघायचं ते दुसऱ्या दिवशीचं: उजेड सोसत नाही, चिडचिड, एकच प्रश्न दोनदा विचारतो, झोप उडाली किंवा फारच लागते. मुलगा लपवेल. डॉक्टरला फोन तुम्ही करायचा.

पैसे, फोन, बेटिंग

१,२०,००० डॉलरवर २०२४-२५च्या दराने सुमारे २६,८०० कर आणि २,४०० मेडिकेअर लेव्ही जाते. हातात वर्षाला सुमारे ९०,८००, म्हणजे आठवड्याला १,७५०च्या आत-बाहेर, त्यातून मॅनेजरचे पैसे अजून जायचेत. खेळाडूंना उत्पन्नाची सरासरी काढून कर भरायची सवलत आहे. ती माहीत असलेलाच हिशेबनीस गाठायचा. पहिल्या वर्षी नवी कोरी गाडी कर्जावर घेऊ नये. करार दोन वर्षांचा आणि हप्ते पाच वर्षांचे, हे गणित जुळत नाही.

रग्बी लीगच्या कुठल्याही सामन्यावर पैसे लावायचे नाहीत. स्वतःच्याच नव्हे, दुसऱ्या कुणाच्याही. मित्राच्या खात्यातूनही नाही. आणि ‘आमचा हाफ शनिवारी खेळणार नाही’ हे कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिणंही आतली माहिती फोडणंच आहे. २०१०च्या बुलडॉग्ज-काउबॉईज सामन्यात पहिल्या गुणावरून झालेल्या फिक्सिंगच्या प्रयत्नात एका खेळाडूवर आजन्म बंदी आली.

आठवड्यातला एक दिवस अभ्यासाचा किंवा हातच्या कामाचा ठेवायचा: सुतारकी, इलेक्ट्रिशियन, विद्यापीठातले दोन विषय. क्लबमध्ये यासाठी वेगळा माणूस असतो आणि त्याच्याकडे फी भरायची तरतूदही बहुधा असते. मागितल्याशिवाय तो शोधत येत नाही.

नाव न आलेला मंगळवार

पहिल्या दोन वर्षांत असे मंगळवार जास्तच येतात. प्रशिक्षकाला ‘मी का नाही’ असं विचारू नये. ‘त्या जागेवर येण्यासाठी माझ्या खेळात कुठल्या दोन गोष्टी बदलायला हव्यात’ असं विचारायचं, उत्तर लिहून घ्यायचं, आणि तीन आठवड्यांनी न्यू साउथ वेल्स कपमधल्या स्वतःच्या क्लिपा घेऊन परत जायचं: मार्करवरून उठलेल्या सहा, दहा मीटर वेळेत गाठलेल्या सहा. शब्दांपेक्षा त्या बारा क्लिपा बोलतात. आणि नाव नसलं तरी त्या आठवड्यातल्या विरोधी संघाच्या हूकरचे तीन सेट (सहा-सहा टॅकलच्या पाळ्या) बघून ठेवायचे, बूट-माउथगार्ड गाडीत टाकून ठेवायचे. शुक्रवारच्या सकाळच्या हलक्या सरावात कुणाची तरी पोटरी धरते, आणि फोन दुपारी येतो.